आठ बिनकानी सरडे

उत्तरा काणे लायडनच्या एका संग्रहालयात काम करते असं कळलं, की मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या बायकांना वाटायचं, ही पर्यटकांना डायनासोर दाखवत असेल. उत्तरा त्यांचा गैरसमज दूर करत बसायची नाही. तिचं काम तळमजल्यावर होतं. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या साप-सरड्यांच्या हजारो बरण्या, त्यांतलं अल्कोहोल हळूहळू उडून जायचं. ते पुन्हा भरायचं, झाकणं बदलायची, चिठ्ठ्या लावायच्या. एक फळी संपली की दुसरी.

पुण्यात तिनं सह्याद्रीतल्या पालींवर पीएच.डी. सुरू केली होती. नवऱ्याला, श्रीनिवासला, नेदरलँड्समध्ये नोकरी लागली तेव्हा मुलगी शिवांगी दोन वर्षांची होती. प्रबंध अर्धा राहिला तो राहिलाच. इथे आल्यावर डच शिकण्यात काही वर्षं गेली, मग तीन वर्षं संग्रहालयात बिनपगारी मदत केली, तेव्हा कुठे वर्षावर्षाचे करार मिळायला लागले.

त्या बिनपगारी काळातच, २०११ साली, तिच्या हाती एक बरणी आली. आत टेक्सासचे आठ सरडे, बोटभर लांबीचे. या सरड्यांना कानाची भोकं दिसत नाहीत म्हणून त्यांना बिनकानी म्हणतात. चिठ्ठीवर आठांचं मिळून एकच नाव होतं, होलब्रुकिया लासेराटा. अल्कोहोल भरता भरता उत्तराला दिसलं, की काहींच्या पाठीवरचे डाग एकमेकांना चिकटलेत आणि काहींचे सुटे आहेत. तिनं भिंगाखाली मांडीच्या आतली बारीक छिद्रं मोजली. सुट्या डागवाल्यांची जास्त भरली.

तेव्हाचे विभागप्रमुख निवृत्तीला आलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हा फरक अमेरिकेत फार पूर्वीच नोंदला गेलाय, उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा अशा एकाच जातीच्या दोन उपजाती मानतात, चिठ्ठी चुकीची नाही, असं म्हणाले आणि चहा प्यायला गेले. उत्तरानं शिसपेन्सिलीनं एक कागद लिहिला : 'यातले तीन वेगळे. उपजात नव्हे, जातच वेगळी असावी. उ. का., २०११.' तो बरणीत सोडला आणि झाकण लावलं.

आठ वर्षांनी अमेरिकेतल्या संशोधकांचा लेख आला. डीएनए तपासून त्यांनी दाखवलं होतं, की त्या दोन उपजाती नाहीत, स्वतंत्र जातीच आहेत. दक्षिणेकडच्या सरड्याला आता पूर्ण नाव मिळालं, होलब्रुकिया सबकॉडॅलिस. उत्तरानं तो लेख आगगाडीत मोबाइलवर वाचला. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त खूप दमल्यासारखं वाटलं.

घरी तिनं श्रीनिवासला सांगितलं. त्यानं विचारलं, "मग तुझं नाव आहे त्यात?"

"माझं कशाला असेल? रानात हिंडले ते, डीएनए काढला तो त्यांनी. मी नुसतं पाहिलं होतं."

त्यानं तिच्या मानेवर मलम चोळून दिलं. दुखऱ्या मानेसाठी ती दोनदा हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, जाऊन आली होती, दोन्ही वेळा पॅरासिटमॉल घेऊन परतली होती.

पुढच्या महिन्यात नव्या विभागप्रमुख मार्लीस यांनी बदललेल्या नावांची यादी तिच्यापुढे ठेवली. चारशे नोंदी, सहा आठवडे. त्या बरणीवर गाव-तालुका काहीच नाही, नुसतं टेक्सास, तेव्हा आठही जुन्याच नावाखाली ठेव, असं त्यांनी सुचवलं. उत्तरा म्हणाली, "मोजून ठरवते."

दोन दिवस ती सूक्ष्मदर्शकाला चिकटून होती. चार उत्तरेकडचे निघाले, तीन दक्षिणेकडचे. आठव्याचे डाग पार विटून गेले होते, आणि छिद्रं एका मांडीवर चौदा, दुसरीवर पंधरा, म्हणजे दोन्ही जातींत बसतील इतकी. तो इकडचाही म्हणता येईना, तिकडचाही म्हणता येईना. तिनं जातीचा रकाना मोकळा सोडला. संगणक तो घेईना, तांबडी चौकट दाखवत राहिला.

"काहीतरी एक टाक," मार्लीस म्हणाल्या. "कोण बघायला येणार आहे?"

"कोणी आलंच, तर माझ्यामुळे चुकायला नको."

मार्लीस यांनी खुर्ची ओढली आणि स्वतः मोजलं. चौदा आणि पंधरा.  मग आठव्यासाठी जात न लिहिता नुसतं होलब्रुकिया चालेल, संगणकवाल्यांशी मी बोलते, म्हणाल्या. उठता उठता त्यांना बरणीतला ओला कागद दिसला. त्यांनी तो चिमट्यानं बाहेर काढला, पुन्हा पुन्हा पाहिला. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. उत्तरानं अर्थ सांगितला.

"मग या तिघांना कोणी ओळखलं, तिथे तुझं नाव आणि २०११ लिही."

उत्तरा म्हणाली, "तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता. ओळख आजची आहे."

तिनं आपलं नाव लिहिलं आणि पुढे आजची तारीख घातली. मार्लीस यांनी मात्र शेरा म्हणून खाली एक ओळ जोडली, की हे तीन सरडे उत्तरा काणे यांनी २०११ सालीच वेगळे ओळखले होते. उत्तरानं ती ओळ खोडली नाही. तीनशे नव्वद नोंदी अजून बाकी होत्या.

संध्याकाळी गाडीत तिचा डोळा लागला. उतरायचं स्टेशन मागे पडलं, जाग आली ती डेन हागला, म्हणजे हेगला, शेवटच्या थांब्यावर. डबा रिकामा होता. तिनं श्रीनिवासला फोन करून सांगितलं, भात लाव, मला उशीर होईल. आणि परतीची गाडी यायला अकरा मिनिटं होती, तेवढा वेळ ती बाकावर पाय लांब करून बसून राहिली.