बर्फ आवाजानं सुटत नाही

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी अंबडला कारखान्यात लेथवर होतो. खिशात फोन थरथरत होता. जॉब चालू असताना मी फोन घेत नाही. जॉब उतरवला, हात पुसले आणि मग पाहिलं. खेमराजचे बरेच कॉल येऊन गेले होते. मी लावला. तो म्हणाला, "भाईसाब, चारू दीदी..." आणि पुढं बोलेना. मागं नुसता वारा ऐकू येत होता. मी विचारलं, "पाय मोडला का?" माझी उडी तेवढीच. तो रडायला लागला.

चारुशीला माझी बायको. नाशिकला शाळेत खेळ शिकवायची. सह्याद्रीतले किल्ले चढून झाले तशी ती बर्फाकडे वळली. दर हिवाळ्यात नाताळच्या सुट्टीला रजा जोडायची आणि मनालीच्या वर एका गावात, तिच्याबरोबर डोंगरात जाणाऱ्या खेमराजच्या घरी जाऊन राहायची. तिथं ती स्नोबोर्डवर, म्हणजे बर्फावरच्या फळीवर, उतरायला शिकली. साधी फळी नव्हे, मधोमध सुटून दोन होणारी. चढताना एकेक पायाखाली एकेक भाग, तळाला केसाळ पट्टी चिकटवलेली, म्हणजे मागं घसरत नाही. वर पोहोचल्यावर दोन्ही भाग जोडायचे आणि एका फळीवर उभं राहून खाली यायचं. जिथं वर नेणारे पाळणे नाहीत, माणसं नाहीत, अशा उतारांवर ती जायची.

त्या दिवशी ती उतार ओलांडत असताना वरून बर्फ सुटला आणि तिला खालच्या नाल्यात घेऊन गेला. खेमराज मागं होता. त्यानं अंधार पडेपर्यंत उकरलं. बर्फाखाली गेलेलं माणूस शोधायला दोघांच्या अंगावर यंत्र होतं. तिच्या यंत्राचा आवाज त्याच्या यंत्राला लागत होता, शिट्टीसारखा, थांबून थांबून, पण फार खोलवरून. बर्फात खुपसायची सळई तिच्यापर्यंत पुरली नाही. नंतर मोठं पथक आलं. उरलेला बर्फ वर उतारावर लटकलेला बघून त्यांनी काम थांबवलं. म्हणाले, बर्फ वितळल्यावर बघू.

पण नाल्यातला बर्फ आधी खालून वितळतो. पाणी आतून सुरू होतं आणि जे असेल ते नदीला नेतं. हे मला तेव्हा तिथं गेलो असताना गावातल्याच एकानं सांगितलं. तेव्हापासून मला थांबवेना.

म्हणून मी पुन्हा इथं, खेमराजच्या घरी आलो. मी आलो आणि बर्फ पडायला लागला, वाऱ्यासकट. काल तो थांबला. संध्याकाळी मी खेमराजला म्हणालो, "कल चलते हैं." तो चुलीत लाकूड घालत होता. त्यानं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "आप बोलोगे तो चलेंगे." तो आणि त्याचे दोघे भाऊ नाल्यात उतरून उकरणार. मी झाडांपर्यंत जाऊन थांबणार. त्याची आई त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि उठून आत गेली. मग जेवण तिनं वाढलं नाही, खेमराजनं वाढलं.

पहाटे निघायचं आहे. मी रजईत पडून आहे. चुलीची पत्र्याची नळी गार होताना टक, टक करते आहे. दोन टकांमधलं अंतर वाढत जातं. पुढच्या टकेची वाट बघताना मी तोंडावरची रजई खाली ओढतो. टक होत नाही. दुसराच आवाज येतो, बारीक, शिट्टीसारखा, थांबून थांबून.

"उठ की, खैरनार. उजाडायला लागलं."

चारू खाटेच्या कडेला बसलेली आहे. माझ्या आईसमोर ती मला अहो म्हणते, एरवी आडनावानं हाक मारते. पिवळं जाकीट घातलं आहे. केस ओले आहेत. ती मेली आहे हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

"इथं काय करतोस तू?"

"तुला न्यायला आलोय."

"पांडवलेणीच्या पायऱ्यांवर तीनदा बसतोस. मला नेणार?"

"मी नाही वर येत. खेमराज जाणार आहे. मी झाडांपर्यंत."

"हां. म्हणजे खेमराजच्या खांद्यावर बंदूक."

मला राग येतो. मेलेल्या माणसावर रागवावं की नाही, हे कळत नाही. ती फळीचा एक भाग माझ्या हातात देते आणि दुसरा स्वतःच्या पायात अडकवते. मी विचारतो, "एका फळीवर दोघं कसे उतरणार?"

"उतरतंय कोण? चल."

दार उघडतं आणि बाहेर कारखाना आहे. मशिनी रांगेत उभ्या आहेत, कमरेइतक्या बर्फात. माझा लेथ रिकामाच फिरतो आहे. ती म्हणते, "चालू ठेवून गेलास?" मी बंद करायला हात घालतो, पण बटणाच्या जागी बर्फ आहे. ती पुढं निघते. मशिनींच्या मधून तिची वाट पडते आणि मी तिच्या वाटेत पाय टाकतो. ती वळून सांगते, "इतक्या जवळ नाही. मी पलीकडं पोहोचले की मग तू. एका वेळी एक."

"का?"

"एक गेला तर उकरायला दुसरा राहावा म्हणून."

मी थांबतो. छप्पर संपलेलं आहे. वर काळं निळं आभाळ आहे, आणि समोर उतार. इतकं पांढरं मी कधी बघितलेलं नाही. वारा नाही. तो शिट्टीसारखा आवाज आता पायाखालून येतो.

मी तिच्यापर्यंत जातो तर ती आमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. ओट्यावर साखर सांडली आहे. ती तळहातानं साखर पसरते आणि वर पोळपाट उपडा ठेवते.

"मी भरतो डब्यात," मी म्हणतो. "मुंग्या येतील."

"राहू दे. बघ. आधी थोडा बर्फ पडला आणि मग नुसती थंडी. त्या बर्फाची ही अशी साखर झाली. कण कणाला धरत नाही. वर वाऱ्यानं हा पाट दाबून बसवला. वरून बघशील तर काय दिसतं?"

"पोळपाट."

"छान, घट्ट, सपाट. ज्याला त्याला वाटतं, उभं राहावं." ती ओट्याची कड उचलते. आमचा ओटा दगडी आहे, पण उचलला जातो. तो तिरका होतो. पोळपाट जागचा हलत नाही. "धरलाय ना?"

"धरलाय."

"आता बोट लाव."

मला लावायचं नाही. ती माझा हात धरते. तिचा हात गार नाही, नेहमीसारखा खरखरीत आहे. माझं बोट टेकतं आणि पोळपाट निघतो. सगळा एकदम, अख्खाच्या अख्खा. कडेवरून जातो. तो पडल्याचा आवाज मला ऐकायचा आहे. आवाज येत नाही.

"त्या दिवशी डावीकडचा बर्फ सुटला," ती म्हणते. "उजवीकडचा तसाच आहे. त्यावर परवापासून आणखी बर्फ बसलाय. आणि नाला दोघांच्याही खाली."

मी विचारतो, कारण हे मला विचारायचंच होतं. "तुला दिसलं नव्हतं का हे?"

ती ओटा पुसायला घेते. "निघायच्या आधी आम्ही एकमेकांना विचारतो. प्रत्येकाला. एकानं जरी नको म्हटलं, तर सगळे मागं. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. घरी येऊन चहा प्यायचा."

"मग विचारलं नाही?"

"विचारलं. खेमराज हो म्हणाला. मीही हो म्हणाले."

"वाटत होतं का नको म्हणावं?"

"पोटात वाटत होतं. पण घरात बसून बसून कंटाळलो होतो रे. आणि ऊन असं पडलं होतं!" ती हसते. ते हसू मला सहन होत नाही. "खेमराजच्या पोटातही असणार. मी म्हणेन म्हणून तो गप्प, तो म्हणेल म्हणून मी."

शिट्टी जोरात येते. मी खाली बघतो. फरशी नाही, बर्फ आहे, आणि आवाज बरोबर माझ्या दोन पायांच्या मधून येतो. मी गुडघ्यावर बसतो आणि हातांनी उकरायला लागतो.

"सोड ते."

"तू आहेस इथं."

"मी इथं उभी आहे."

"मग खाली कोण आहे?"

"तीही मीच. सोड. मला कसली घाई आहे?"

"पाणी सुरू होईल, चारू. तू वाहून जाशील. मला काहीच मिळणार नाही."

मी वाट बघतो की ती म्हणेल, असं होणार नाही. ती म्हणते, "जाईनही कदाचित."

मी उकरत राहतो. बोटांना साखर लागते, नुसती साखर, आणि जितकी काढतो तितकी कडेनं पुन्हा आत येते. ती माझ्या कॉलरला धरून मला वर ओढते, शाळेतल्या पोराला ओढावं तशी. "तिकडं बघ."

उताराच्या त्या टोकाला खेमराज आहे. मागं त्याचे भाऊ. तिघांच्या कपाळावर दिवे. तिघं एकामागं एक, जवळ जवळ, मान खाली घालून नाल्याकडं चालले आहेत. अंतर ठेवलेलं नाही. मी विचारतो, "ते लांब लांब का नाही चालत?"

"तू झाडापाशी उभा आहेस ना. लवकर आटपायचंय त्यांना."

"त्यानं नाही म्हणायचं होतं मला."

"तुला? तुला तो कसा नाही म्हणणार? माझ्या मागं चालत होता तो. त्याच्या हातात माझी काठी आली, मी नाही आले. तू त्याचा जीव मागितलास तरी तो, आप बोलोगे तो, म्हणेल. तिघांत नको म्हणणारा कुणी नाही. चौथा तू आहेस."

पायाखाली धप्प होतं. मोठं पोतं टाकल्यासारखं. सगळा उतार किंचित खाली बसतो, माझ्यासकट. माझ्या बुटापासून एक चीर निघते. केसाएवढी. ती वर जाते, वळते आणि तिघांच्या डोक्यावरून आडवी धावते. खेमराज बघत नाही. तो पाऊल उचलतो.

मी हळूच म्हणतो, "खेमराज."

"हे काय?" चारू म्हणते. "ओरड!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवायला जातो. "हळू. आवाजानं पडेल."

ती माझ्याकडं बघतच राहते. "कुणी सांगितलं तुला?"

"सगळे म्हणतात."

"सिनेमात म्हणत असतील. बर्फ आवाजानं सुटत नाही, खैरनार. वजनानं सुटतो. तीन माणसांच्या वजनानं." तिचा आवाज चढतो, मैदानावर चढायचा तसा. "ओरड ना! तुझा आवाज त्याला लागेल. माझा आता कुणाला लागत नाही."

"मी ओरडलो तर ते परत येतील."

"येतील."

"मग तू तिथंच राहशील."

"हो."

खेमराज पाऊल टेकवतो. चीर रुंद होते, आता तिच्यात सावली दिसते. मी तोंड उघडतो. आत बर्फ भरलेला आहे. मी तो थुंकतो, पुन्हा उघडतो. चारूकडं बघत नाही. बघितलं तर माझ्याच्यानं होणार नाही. पोटातून जोर लावतो आणि ओरडतो. नको! खेमराज चालतो आहे. नको! गळ्यात काहीतरी फाटतं. नको, खेमराज, नको, नको

मी खाटेवर बसलेलो आहे. रजई खाली पडली आहे. खोलीत थंडी आहे आणि खिडकीत राखाडी उजेड.

खेमराज दारात उभा आहे. पायात जाड बूट, पाठीवर सॅक, कपाळावर दिवा. "क्या हुआ भाईसाब? नीचे आँगन तक आवाज़ आई."

मी बोलायला जातो. आवाज येत नाही. नुसती हवा येते. पुन्हा प्रयत्न करतो. गळा सोलल्यासारखा दुखतो आणि तोंडात रक्ताची चव आहे.

"तबियत ठीक नहीं? आप यहीं आराम करो. हम जाके आते हैं." तो वळतो.

मी खाटेवरून उतरतो. फरशी इतकी गार की पाय भाजतात. मी त्याच्या सॅकचा पट्टा पाठीमागून धरतो. त्याला वाटतं मी पडतोय, म्हणून तो मला सावरायला बघतो. मी पट्टा सोडत नाही. मान हलवतो. नाही.

"क्या नहीं?"

मी खिडकीकडं, वरच्या उताराकडं बोट दाखवतो आणि पुन्हा मान हलवतो.

"नहीं जाना?"

नाही.

"आज नहीं?"

मी हातानं सांगायचा प्रयत्न करतो की आज नाही, उद्याही नाही, बर्फ जाईपर्यंत नाही. त्याला किती कळतं कोण जाणे. तो माझ्या तोंडाकडं बघतो. मग कपाळावरचा दिवा बंद करतो आणि जिन्यातून खाली एकच शब्द ओरडतो. अंगणात भावांचं बोलणं थांबतं. आतून त्याची आई मोठ्यानं काहीतरी म्हणते. शिवी आहे की देवाचं नाव, मला कळत नाही.

खेमराज तिथंच भिंतीला टेकून फरशीवर बसतो. बुटाची नाडी सोडायला घेतो. गाठ सुटत नाही. मी खाली बसतो आणि त्याची नाडी सोडून देतो. आम्ही एकमेकांकडं बघत नाही.

त्या दुपारी उजवीकडचा बर्फ सुटला की नाही, ते मला माहीत नाही. ढग आले होते, वरचं काही दिसलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

माझा आवाज अजून बसलेला आहे. परवा मी नाशिकला परत जातोय. चारू नाल्यात आहे. तिला खाली आणायचं राहिलं आहे.