कोंबडीआक्काचा मुकादम

कोंबडीआक्का कुणाकडेही बघायची ती आधी गळ्याकडे. संध्याकाळी खुराड्यात शिरणाऱ्या प्रत्येक कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी चाचपून ती दाण्याचा अंदाज घ्यायची, आणि मग तीच नजर आम्हा शेजाऱ्यांवर फिरायची. माझे यजमान पिंपरीच्या कारखान्यातून परतले की कुंपणापलीकडून फुटाणे कडाकडा फोडत ती विचारायची, "जेवलास का रं?" त्यांना भारी संकोच वाटायचा.

पन्नासच्या दशकातली कासारवाडी. आक्का तिथल्या जुन्या शेतकरी घरातली, आम्ही साताऱ्याहून पोटासाठी आलेलो. तिचं एक ठाम मत होतं. "कोंबडीच्या डोक्यात मुकादम बसल्याला असतो. कोठार भरल्यालं बघितल्याबिगर त्यो अंड्याचं काम सुरू करत न्हाई." अंडी कमी झाली की मात्र ती कारखान्याच्या भोंग्याला शिव्या द्यायची. त्या आवाजाने मुकादम बिथरतो म्हणे!

माझं पहिलं मूल जन्मतःच गेलं आणि माझी अन्नावरची वासनाच उडाली. सासूबाई रागावल्या, यजमानांनी विनवण्या केल्या. घास घशाखाली उतरेना. आक्का आली, पण माझ्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिची तांबडी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, तिचंच रडगाणं. "खाईना झालीय. मरंल अशानं. खुडूक कोंबडी एकटी खात न्हाई, म्होरं कुणीतरी खावं लागतं. माज्या दातांनी भाकरी चावत न्हाई. तू येतीस का, पोरी?"

कोंबडीचा जीव जाईल म्हणून मी गेले. आक्का तांबडीला अंड्यांवरून उचलून ज्वारीपुढे ठेवायची आणि माझ्या हातात ठेचा-भाकरी द्यायची. तिने दाणे टिपावेत म्हणून मी खात राहिले. पिल्लं बाहेर पडली तोवर मी घरीही जेवायला लागले होते. एक पिल्लू ओंजळीत घेऊन मी तिथेच पोटभर रडले. "रड," आक्का म्हणाली, "पन जेवून जा."

पुढे त्या जागेवर कारखान्याची भिंत आली. आक्का भाच्याकडे चऱ्होलीला गेली आणि तिथेच वारली.

माझा मुलगा पशुवैद्य झाला. आक्काचा मुकादम अगदीच खोटा नाही, असं त्यानेच सांगितलं. मेंदूतले स्राव पोटाची खबर घेऊनच अंड्याला परवानगी देतात. मी कौतुकाने तांबडीची गोष्ट सांगितली, तर तो हसला. "आई, खुडूक कोंबडीची भूक मेंदूच मारतो. अंगावरच्या चरबीवर ती निभावते. तिच्यापुढे कुणी जेवलं काय, न जेवलं काय!"

जन्मभर कोंबड्या पाळणाऱ्या आक्काला हे ठाऊक नसणार कसं? आणि फुटाणे फोडणाऱ्या त्या दातांना म्हणे भाकरी चावत नव्हती!