चौथ्या मजल्याला स्थगिती

रिसोडच्या आमच्या घराचं न्हाणीघर मी स्वतःच्या हातानं पाडलं आणि ते पाडायची काहीच गरज नव्हती.

घर साधंच, तीन खोल्या, वर पत्रे, अंगणात बाबांची गाय. एका बिल्डरनं मला पटवलं, की इथे चार मजली इमारत बांधू आणि वरचे दोन फ्लॅट तुमचे. (मला पटवायला त्याला दोन कप चहा लागला. तोही मीच पाजला.) घरी मी हे जाहीर केलं. कोणी हूं की चूं केलं नाही. त्याला मी होकार समजलो.

बाबांनी एवढंच विचारलं, "अन् गाय?"

"बाबा, लिफ्ट राह्यते."

"गाईले?"

गाय अनसिंगला आत्याकडे गेली आणि बाबा रोज रिकाम्या खुंट्याजवळ बसून चहा पिऊ लागले.

परवानगी यायची होती, पण पंचांगात चांगला दिवस दिसला आणि मी घण उचलला. आधी नारळ फोडला, मग न्हाणीघराची भिंत. सुनंदा, म्हणजे आमची बायको, हातात टॉवेल घेऊन तशीच उभी.

"अवो, घर पाडाचं त् आंघोळीपासून काहून सुरू केलं?"

"कुठून तरी सुरुवात कराच लागते."

दुपारी बिल्डरचा फोन आला. गावाला पाणी पुरत नाही, नाल्या तुंबतात, म्हणून नगरपरिषदेनं बहुमजली इमारतींच्या नव्या परवानग्या तूर्त थांबवल्या होत्या. मी बराच वेळ विटांच्या ढिगावर बसून राहिलो. घरच्यांना तोंड कसं दाखवायचं? शेवटी सांगून टाकलं.

"म्हंजे नाई होत?" सुनंदानं विचारलं.

"सध्या तरी नाही."

ती पदराआड हसायला लागली. "मले त् रोज सपन पडून राह्यलं होतं. लिफ्ट मधातच बंद, अन् मी आत."

"मंग आधी काहून नाही बोलली?"

"तुमी इचारलं कवा?"

बाबा उठले, चपला घातल्या.

"बाबा, कुठी चालले?"

"अनसिंगले."

संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पो दारात उभा राहिला. मागे गाय, गाईशेजारी बाबा, आणि दोघांच्या चेहऱ्यावर सारखंच समाधान.

आंघोळीचा प्रश्न उरला. सोयाबीन झाकायची ताडपत्री मी चार लाकडी बल्ल्यांना बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाईनं तिचं एक टोक तोंडात धरून ओढलं, तेव्हा आत मी होतो, डोळ्यांत साबण घेऊन. शेजारच्या काकूंनी सभ्यपणे तोंड फिरवलं आणि पलीकडे पाहतच विचारलं, "मंग, इमारत कवा होऊन राह्यली?"

"थांबली काकू," मी तांब्या धरून म्हणालो, आणि म्हणताना छातीवरचा दगडच उतरला. कारण खरं सांगतो, त्या चौथ्या मजल्याची भीती मलाही वाटत होती.

न्हाणीघर आता पुन्हा बांधलंय. आमच्या घरासाठी आजवर मी जेवढे निर्णय घेतले, त्यात इमारत न बांधण्याचा हा एकच बरोबर निघाला. तो नगरपरिषदेनं घेतला होता.