वखारीतलं हळदीकुंकू

सुगंधा मालंडकर पहिल्यांदा संग्रहालयात गेली ती भांडायला. सासऱ्यांनी घरातलं तांब्याचं भलंमोठं घंगाळ तिला न विचारता भाई पराडकरांना देऊन टाकलं होतं. भाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, पत्ते कुटतात, सुनांच्या चुका काढतात. ह्या गृहस्थाने मालवण बंदरावरची मिठाची रिकामी वखार मागून घेतली आणि घराघरांतल्या जुन्या वस्तू तिथे आणून मांडायला सुरुवात केली. दारावर पाटी लावली, 'बंदर वस्तुसंग्रहालय'. गाव त्याला 'भाईंची भंगारपेठ' म्हणायचं.

सुगंधा पदर खोचून दारात उभी राहिली आणि ओरडली, "मास्तरांनू, माजा घंगाळ खंय आसा?"

भाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि नुसतं बोट केलं. घंगाळ कोपऱ्यात होतं. आत मुंग्यांनी घर केलेलं, कडेवर बोटभर धूळ. सुगंधाचं डोकंच फिरलं. "लोकांनी वस्तू दिली ती अशी कुजवूक दिली? केरसुणी खंय आसा हयसर?" घंगाळ राहिलं बाजूला, तिने अख्खी वखार झाडून काढली. संध्याकाळी घरी गेली ती रिकाम्या हातानेच. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत हजर! नवरा मुंबईला गोदीत, मुलगा शाळेत, सासू-सासरे हिंडते-फिरते, त्यामुळे दुपार मोकळी होती. पगाराचं नाव काढू नका. भाई स्वतःच पेन्शनीतून वखारीची कौलं चाळून घेत होते.

हे साधारण चोपन्न-पंचावन्न सालचं. वखारीत तिच्या आधीपासून आणखी एक बाई येत होती, राधाबाई तारी. सुगंधाहून दहाएक वर्षांनी मोठी. तिचा नवरा कालिकत-कोचीनकडे माल नेणाऱ्या शिडाच्या गलबतावर तांडेल होता, म्हणजे गलबताचा कर्ताच. एका कार्तिकात दर्या खवळला आणि ते गलबत कुठल्याच बंदराला लागलं नाही. राधाबाई तेव्हा तिशीच्या आतच होत्या. पदरात मूल नाही. नवऱ्याचं होकायंत्र, दुर्बीण, शंख, सगळं त्यांनी भाईंच्या स्वाधीन केलं. "घरात ठेवलंय तर सारखी नजर जाता," एवढंच म्हणाल्या. नजर वखारीतही जात होतीच की! पण तिथे हाताला काम होतं.

दोघींचं असं काही जुळलं की विचारू नका. एकीचं तोंड बंद होत नसे आणि दुसरीचं उघडत नसे, तेव्हा जुळायलाच हवं. राधाबाई लाकडाच्या वस्तूंना करंजेल लावत बसायच्या आणि सुगंधा गावभरच्या बातम्या सांगत पितळ घासायची. मधेच राधाबाई हळूच म्हणायच्या, "तोंडान घासतंस काय गो? हात चालव." की दोघी हसत सुटायच्या. सासरी आल्यापासून सुगंधाला मैत्रीण अशी ही एकच मिळाली होती, आणि ती तसं बोलूनही दाखवायची.

वस्तू मागून आणण्यात सुगंधाचा हातखंडा. आवळा देऊन कोहळा काढायची. कुणाकडे लोणच्याची वाटी घेऊन जायची आणि येताना त्यांची चिनी बरणीच उचलून आणायची. एकदा तिने राधाबाईंच्या घरी कोनाड्यात एक करंडा पाहिला. शिसवी लाकडाचा, झाकणावर हस्तिदंती फुलं, आत पिंजर, म्हणजे कुंकू, ठेवायचा कप्पा, मेणाचा कप्पा आणि रुपयाएवढा आरसा. तांडेलांनी लग्नानंतरच्या पहिल्याच सफरीत आणलेला. सुगंधाने तो मागितला. राधाबाई नाही म्हणाल्या. पुन्हा मागितला. तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी तो स्वतःच पुसून आणून दिला. "हय रिकामो पडान आसा. थय चार माणसां तरी बघतीत," म्हणाल्या.

पण बघायला माणसं येत होती कुठे? भाई रविवारी व्याख्यान ठेवायचे. श्रोते चार, त्यांतला एक घोरायचा. नारळी पौर्णिमेला म्हातारे तांडेल बोलावून दर्याच्या गोष्टींचा कार्यक्रम केला, त्याला पुरुष जरा जमले. बायका मात्र माशांची पाटी डोक्यावर घेऊन दारावरून जायच्या, आत डोकावायच्या आणि पुढे निघायच्या. भाईंना हे फार लागे. "घरातल्या निम्म्या वस्तू बायकांच्या हातच्या, आणि त्याच येईनात," म्हणायचे.

"बायका व्याख्यानाक येतत काय मास्तरांनू?" सुगंधा म्हणाली. "संक्रांतीचा हळदीकुंकू करूया. वखारीतच. बघा कशी रीघ लागता ती!"

कल्पना झकास होती. भाईंनी तर टाळीच वाजवली. राधाबाई तेव्हा तिथेच बसल्या होत्या, हातातलं होकायंत्र पुसत. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या तशाही बोलत नसतच, म्हणून सुगंधाच्या काही लक्षात आलं नाही.

मग तयारीची धांदल उडाली. भिंतींना चुना लावला, जमीन सारवली, आडाळे, किसण्या, समया, फण्या सगळं नव्याने मांडलं. ह्यातलं निम्म्याहून जास्त काम राधाबाईंनी केलं. तिळगूळ तर एकटीने वळला. आदल्या संध्याकाळी हात धुता धुता त्यांनी विचारलं, "सुगंधा, उद्या मी कितक्याक येव?"

सुगंधा शिडीवर चढून आंब्याचं तोरण बांधत होती. तिला प्रश्नामागचा प्रश्न कळला. कळला नाही असं नव्हे. पण घाई होती, तोंडात सुतळीचं टोक होतं, आणि खरं सांगायचं तर खाली बघून उत्तर द्यायचं जिवावर आलं. ती म्हणाली, "तू मागल्या दारान ये, वयनी. चुलीकडे बघ, दूध बीध उतू जायत. थय तुका बरा पडात."

"बरा," राधाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काय बायका लोटल्या, बाप रे बाप! नव्या लुगड्यांची सळसळ, अबोलीचे वळेसर, पोरांची रडारड. "अगो, ह्यो आमच्या आजयेचो आडाळो!" म्हणून एक म्हातारी त्या विळीसमोर फतकल मारूनच बसली. भाई बिचारे बायकांचा कार्यक्रम म्हणून बाहेर उभे. खिडकीतून बघत होते आणि पोरासारखे खूश होत होते.

सुगंधाला आणखी एक सुचलं होतं. कुंकवाला पितळेची साधी वाटी कशाला? तिने फळीवरचा राधाबाईंचा करंडा काढला, त्यात पिंजर भरली आणि तोच हातात घेतला. तिला वाटलं, सगळ्या जणी विचारतील, आपण सांगू, हा आमच्या राधावयनींचा. त्यांचा मान होईल. देवाशपथ, मान म्हणूनच काढला होता. आणि बायकांनी विचारलंही. "राधावयनींचो, कालिकतचो," सुगंधा अभिमानाने सांगत होती आणि कपाळामागून कपाळ रंगवत पुढे सरकत होती.

रांग मागच्या दारापर्यंत गेली होती. सुगंधाचं बोट आता आपोआप चालत होतं. पिंजरीत बुडवायचं, कपाळाला टेकवायचं, पुढे जायचं. एकीला लावलं, शेजारणीला लावलं, पुन्हा बोट बुडवून हात वर नेला, आणि समोर राधाबाई. तिळगुळाचं ताट घेऊन त्या दारात उभ्या होत्या.

हात हवेत थांबला. आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. सुगंधाने राधाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग हातातल्या करंड्याकडे, आणि आपण काय करून बसलोय ते तिला तेव्हा उमगलं. ज्या बाईचा करंडा, तिला सोडून साऱ्या गावाला कुंकू! लावावं? लावलं तर गाव काय म्हणेल? सासू काय म्हणेल? मुंबईला नवरा, त्याच्या जिवाला काही झालं तर? हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं आणि तिने हात खाली घेतला.

राधाबाईच एक पाऊल मागे सरल्या. "फुडे जा गो," त्या म्हणाल्या, "थांबलीत ती." सुगंधा पुढे गेली आणि तिने पलीकडच्या बाईला पिंजर लावली.

बायका गेल्यावर राधाबाईंनी नेहमीसारखी भांडी घासली. करंडा आतून कोरड्या फडक्याने पुसला, फळीवर होता तसा ठेवला आणि त्या घरी गेल्या. सुगंधाने मनाशी म्हटलं, उद्या बोलू. उद्या राधाबाई आल्या नाहीत. परवाही नाहीत.

सुगंधा वाट बघत राहिली. ताप आला असेल, पाहुणे आले असतील, अशी स्वतःची समजूत घालत राहिली. भाईंनी विचारलं तर "येतली" म्हणायची. गावाला बोलून बेजार करणारी ही बाई दोन आळ्या ओलांडून राधाबाईंच्या दारात काही गेली नाही. जाऊन बोलायचं काय? चुकलं म्हणायचं तर काय चुकलं तेही सांगावं लागणार. कधी कधी तिला उलट रागच यायचा. रीत होती ती! मी काय नवी काढली? विधवेला कोण लावतं कुंकू? असा तावातावाने वाद घालायची, पण मनातल्या मनात. आणि मग ते "फुडे जा गो" आठवलं की तिचं तिलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बरं, राधाबाईंनी अबोला धरला होता असंही नाही. विहिरीवर भेटायच्या, मासळीबाजारात भेटायच्या. "बांगडो कसो दिलो?" विचारायच्या. मुलाची परीक्षा कशी झाली, नवरा शिमग्याला येणार का, सगळं विचारायच्या. वखारीचं नाव तेवढं काढायच्या नाहीत. भांडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर सुगंधाने त्या आनंदाने खाल्ल्या असत्या. हे गोड बोलणं तिला सोसत नव्हतं.

वखार मात्र गजबजली. हळदीकुंकवापासून बायका येऊ लागल्या त्या येतच राहिल्या. आता भंगारपेठ कुणी म्हणत नव्हतं. दर संक्रांतीला समारंभ व्हायचा, सगळे सुगंधाचं कौतुक करायचे आणि ते कौतुक तिच्या घशाखाली उतरायचं नाही. करंडा तिने पुन्हा कधी फळीवरून काढला नाही. दुपारी पितळ घासताना ती आता गप्प असायची. नव्याने येणाऱ्या मुलींना वाटायचं, बाई मुळातच अबोल.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका पौषात तिने भाईंना सांगून टाकलं, "औंदा सगळ्यांका बोलवायचा. ज्यांचे घोव गेले त्यांकाय. पुढल्या दारान. पिंजर व्हयी तिका पिंजर, नको तिका फूल आणि तिळगूळ." काही बायकांनी "अगो बाय गो!" करून तोंडाला पदर लावला. सुगंधा म्हणाली, "ज्यांका येवचा नाय त्यांनी घराक रवा." भाई म्हणाले, हे आधीच सुचायला हवं होतं आपल्याला. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पहिलं आवतण द्यायला ती राधाबाईंकडे गेली. राधाबाई अंगणात काथ्याचं सुंभ वळत बसल्या होत्या. केस पिकले होते, हात मात्र तसेच चालत होते. "ये, बस," म्हणाल्या. सुगंधाने सगळं एका दमात सांगितलं, यंदा काय ठरलंय, कोण काय म्हणालं, कुणाची तोंडं कशी बंद केली. राधाबाईंनी ऐकून घेतलं.

"बरा केलंस," त्या म्हणाल्या. मग सुंभाला पीळ देत, "शिसवाक तेल लायतस मा? नायतर भेगा पडतत."

"लायतंय. मीच लायतंय." सुगंधा घाईने म्हणाली. "वयनी, तू येतलंस मा?"

"नाय गो."

"माजा चुकला त्या दिसा," सुगंधा म्हणाली. शेवटी म्हणाली एकदाची.

राधाबाईंनी हातातलं सुंभ खाली ठेवलं. "पिंजरीचा माका काय नाय," त्या म्हणाल्या. "तू माका आदी इचारला असतंस, वयनी, तुका लावू काय, तर मी नायच म्हटला असतंय. मीच तुका म्हटला असतंय, नको बाय, लोका बोलतीत. पण इचारूक व्हया होता गो. माका तेवढाच व्हया होता."

सुगंधा उठली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेली. राधाबाईंनी पाय आखडून घेतले.

"असा नको करू," म्हणाल्या. "तिळगूळ तेवढो धाडून दी हां माका."

"देतंय," म्हणत सुगंधा अंगणाच्या बेड्याबाहेर, फाटकाबाहेर पडली. जरा बरं वाटत होतं, तिळगूळ तरी मागितला म्हणून. पाणंदीत अर्ध्या वाटेवर पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं. राधाबाई धाडून दी म्हणाल्या होत्या. घेऊन ये म्हणाल्या नव्हत्या.