पडीक

नातवाला सर्दी झाली म्हणून सुनेनं निलगिरीचं तेल काढलं आणि त्या वासानं माझं डोकंच फिरलं.

मी कन्नड शाळेत चौथीत होते. चिटगुप्प्याजवळच्या आमच्या माळावर वडलांबरोबर मेंढरं घेऊन गेले, तर तिथं जंगलखात्याची नवी कन्नड पाटी आणि शेजारी त्यांचा गार्ड. अप्पांना वाचता येत नव्हतं. मी ऐटीत मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं, "पडीक जमीन. निलगिरीची लागवड. चराई बंद."

"पडीक?" अप्पा गार्डावर ओरडले. "चार पिढ्या आमची मेंढरं काय दगडं खायलेत व्हय?"

"पोरगी शिकलीय की, तिलाच इचार," गार्ड हसला.

सरकारचा हुकूम माझ्या तोंडून सुटला, याचा संताप अजून जात नाही.

आज त्या निलगिरीखाली गवताची काडी उगवत नाही. त्यांनी आधी पाटी लिहिली, मग माळ पडीक केला.