राणीच्या तोंडचं ‘शे’

छापखान्याच्या शाईचा वास आला की मला धुळ्यातली ती दुपार आठवते. दुसऱ्या महायुद्धामुळे कागद मिळत नव्हता, तरी माझी पहिली कादंबरी छापायला पुण्याचे एक प्रकाशक तयार झाले होते. तापीकाठच्या गढीतली राणी आणि तिच्यावर जीव जडलेला शिलेदार, ही गोष्ट मला आत्याने सांगितली होती, शेंगा फोडता फोडता, आमच्या अहिराणीत. म्हणून माझी राणी आणि तिची दासी, दोघीही अहिराणीच बोलायच्या. लढाईवर निघालेल्या शिलेदाराला राणी एवढंच म्हणायची, “मी आठेच शे.” छपाई धुळ्यातच होती, त्या दुपारी प्रकाशकही छापखान्यात आले होते. छापलेलं पान हातात घेतलं, तर तिथे होतं, “मी येथेच आहे, नाथ!” “हे कोणी बदललं?” मी विचारलं. प्रकाशक हसले. “बाई, राणी कधी असं गावंढळ बोलेल का? दासीचं ठेवलंय ना तसंच! पटत नसेल तर बाड घेऊन जा, कागदाला गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत.” त्या माणसाने तापी कधी लांबूनसुद्धा पाहिली नसेल. पण कागद त्याचा होता. पुस्तक आल्यावर मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, शेंगांचं सूप पुढे ओढलं आणि म्हणाली, “पोरी, हाई राणी आमनी नई शे. दासी तेवढी आमनी शे.” आता लोक घरी येऊन राणीच्या गोड भाषेचं कौतुक करतात. मी त्यांना चहा देते. दासीबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही.