लुंबिनीच्या भिंतीवरचा फसलेला फोटो

इस्लापुरात पासपोर्ट फोटोपासून लग्नापर्यंत सगळं काढणारी लुंबिनी एकेकाळी माझ्या वर्गातली विद्यार्थिनी होती. शिकवायचा हक्क माझा, असं मी धरून चाललो होतो. मागच्या हिवाळ्यात तिने तो काढून घेतला, आणि मी तिचा जन्माचा ऋणी झालो.

माझी बायको उमाबाई सहस्रकुंडाच्या धबधब्याला जाऊन नदीवरचे सुरय पक्षी बघायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं आणि नदी सुटली. सुरय घरी आणून दाखवायचे म्हणून मी मोठा कॅमेरा घेतला. बसलेला बगळा झकास यायचा, उडता सुरय मात्र नुसता पांढरा डाग. उमाबाई प्रत्येक डागाला "छान हाय" म्हणायची. ते मला टोचायचं.

शेवटी चरफडत कॅमेरा लुंबिनीच्या काउंटरवर ठेवला. "बिघडलाय."

"न्हाई बिघडला, गुरुजी. पाखरू उडून राहिलंय, अन् ह्यो एकदाच फोकस धरून गप बसून राहिलाय."

तिने फोकस सतत चालू ठेवला, त्याला एका ठिपक्याऐवजी मोठी चौकट दिली. बटण अर्धं दाबून पाखराच्या मागे कॅमेरा फिरवत राहायला सांगितलं.

"आणि मध्ये फांदी आली तर?" मी हटलो नाही.

तिने भिंतीवरचा फोटो दाखवला. तांदळाचा दाणा न् दाणा स्पष्ट, मागे नवरा-नवरी धूसर.

"मी काढलेलं पहिलं लग्न. माझ्या मैत्रिणीचं, दामिनीचं. अक्षता मधी आल्या अन् फोकस तिकडं पळाला. तिला पुन्हा थोडंच उभं करता येतंय?"

मध्ये काही आलं तरी फोकस लगेच सोडायचा नाही, ही सेटिंग तिने त्यानंतर शोधली होती. तीच माझ्या कॅमेऱ्यात केली. स्वतःची चूक गिऱ्हाइकासमोर टांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी तर माझ्या चुका जन्मभर डस्टरने पुसत आलो.

दुसऱ्या दिवशी सुरय बाभळीआडून गेला, तरी फोकस सुटला नाही. घरी येऊन उमाबाईसमोर कॅमेरा धरला. ती पुढे वाकली. मग चांगल्या हाताचं बोट स्क्रीनवर टेकवलं.

"चोचीत मासा हाय की हो!"

"छान आलाय ना?"

"हाव. आधीचे तर मला दिसतच नव्हते. तुम्ही उन्हातान्हात जाऊन राहिले, म्हणून छान म्हणत होते."

मी लुंबिनीला फोन लावला. "बाई," वर्गातल्या पोराने शिक्षिकेला मारावी तशी हाक मारली. चोचीतल्या माशाचं मग उमाबाईनेच सांगितलं.